तुकड्याचा रिपोर्ट आणि हिचा नवस

४ सप्टेंबर १९९८, शुक्रवार
डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि गप्प झाले. पुलगावात वीस वर्षं त्यांचा दवाखाना आहे, गप्प झालेले मी कधी पाहिले नव्हते. मग म्हणाले, वर्ध्याला जाऊन दुर्बिणीनं तपासून घ्या, तुकडा काढतील, तो तपासायला नागपूरला जाईल. मी विचारलं, तसलं काही आहे का? ते म्हणाले, रिपोर्ट आल्याबिगर काय सांगू.
म्हणजे आहे.
वय बावन्न. आजपासून नवा हिरालाल. निश्चय: १) तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. २) पहाटे नदीपर्यंत चालणे. ३) घरच्यांशी गोड बोलणे. ४) प्रफुलला धंदा शिकवणे. पोरगा चोवीस वर्षांचा झाला, भांड्यांच्या दुकानात वाढला, तरी पितळ आणि कासं वाजवून ओळखता येत नाही. ५) देवळीच्या खंजेरी भजन स्पर्धेत पहिला नंबर. मुख्य गायक मीच, त्यामुळे मरायचंच असेल तर २७ तारखेनंतर.
घरी सांगितलं. ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, तिखट कमी टाकू का? सत्तावीस वर्षांचा संसार आणि हिला प्रश्न तिखटाचा. त्यावरून जरा बोललो. ताट सरकवलं. निश्चय क्र. ३ उद्यापासून.

५ सप्टेंबर
पहाटे उठलो नाही. आजारी माणसानं झोप मोडू नये. खर्रा एकच. (नंतर अजून दोन.)

८ सप्टेंबर
दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला आजाराचं सांगतो. मागून कळलं तर लोक म्हणतील लपवलं. आज एक बाई कुकर पाहत होती, ऐकून उठून गेली. हळवी असावी. प्रफुल म्हणाला, बाबा, तुमी घरी आराम करा, मी पाह्यतो दुकान. तोंड फिरवून बोलला. पोराला रडू येत असावं.

१४ सप्टेंबर
पितृपक्षात तपासणी! तारीख बदलून मागितली होती. वर्ध्याच्या दवाखान्यातला क्लार्क म्हणाला, पोटाला पितृपक्ष नसते.
हिला घेऊन पॅसेंजरनं गेलो. मी हूं की चूं केलं नाही. सिस्टर म्हणाली, काका, ओरडू नका, अजून नळी टाकलीच नाई. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं. म्हटलं, कधीमधी. तर ही म्हणाली, दिवसाले पाच खर्रे. परक्या माणसासमोर!
तुकडा काढला. रिपोर्टला पंधरा दिवस.
परत येताना ही खिडकीशी बसली. चेहरा अगदी शांत, सहलीला निघाल्यासारखा. मी विचारलं, मी गेल्यावर तू काय करशील? वाटलं होतं, रडेल. हिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, तळेगावले जाईन, दादाकडे. एवढा विचार करून एवढंच सुचलं! वास्तविक माहेरी मी हिला दोन रात्रींच्या वर कधी राहू दिलं नाही. माझा किती जीव आहे, हे यावरून कळायला पाहिजे होतं.

१७ सप्टेंबर
नाचणगावला आमच्या भजन मंडळात गेलो. म्हटलं, प्रकृती अशी आहे, पण मी गाणार. साथीचा श्रावण लगेच म्हणाला, भाऊ, तुमी आराम करा, यंदा मी म्हणतो. सगळे एकदम म्हणाले, हो हो, आराम करा. आमचं मंडळ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एका सुरात बोललं. गहिवरून आलं. माझी खंजेरी श्रावणच्या हातात दिली. साधी खंजेरी नाही. हिची शिलाई मशीन अमरावतीच्या कारागिराला देऊन बदल्यात आणलेली. तेव्हा ही दोन दिवस जेवली नव्हती. बहुधा आनंदानं.

२० सप्टेंबर
आज एक गोष्ट लक्षात आली आणि मन खट्टू झालं. हिनं माझ्यासाठी नवसच बोललेला नाही. शेजारच्या डोमाजीच्या बायकोनं त्याच्या मोतीबिंदूसाठी तेरा मंगळवार धरले. मोतीबिंदूसाठी! इथं अख्खं पोट आहे.
दुपारभर समजावलं. आवाज चढला तो पोटामुळे. शेवटी ही म्हणाली, बोलतो नवस, पण मंग फेडू द्यान का? हा काय प्रश्न झाला? नवसाला आडवं जाणारा मी आहे का?

२२ सप्टेंबर, मंगळवार
काल घट बसले. आज देवीपुढे नवस झाला. मुद्दाम श्रावण, डोमाजी, मंडळाचे सगळे बोलावले होते. नवरा-बायकोचं प्रेम लोकांनी पाहावं.
ही देवीच्या कानाशी लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. काय बोलली ते फेडेपर्यंत सांगायचं नसतं. पण वेळ पाहता जबरदस्त नवस असावा. पायी माहूर? जन्मभर भात सोडला?
मी तिथंच छोटंसं भाषण केलं. नवस मोडणाऱ्याचं तळपट होतं, उदाहरणं दिली. मग नारळावर हात ठेवून म्हटलं, हिनं जो नवस बोलला तो फेडायला मी आडवा येणार नाही, घरातल्या कोणीही आडवं येऊ नये. प्रफुललाही हात ठेवायला लावला. त्यानं फार घट्ट ठेवला.
हिच्या डोळ्यांत पाणी. अखेर समजली मी कोण आहे ते.

२७ सप्टेंबर
देवळीची स्पर्धा. मी प्रेक्षकांत. मंडळाचा पहिला नंबर! माझ्या वेळी आठव्याच्या वर कधी गेलो नव्हतो. माझ्या आजाराचं दुःख गळ्यात उतरलं, म्हणूनच आला. श्रावणला तसं सांगितलं. तो म्हणाला, असंन भाऊ. खंजेरी परत द्यायची विसरला.

२८ सप्टेंबर
दुकानात गेलो. प्रफुलनं स्टीलचे डबे पुढे मांडलेत, पितळ मागे. बसायला जागा नव्हती, इतकं गिऱ्हाईक. दया म्हणून येत असावेत.
खर्रे पाच. टेन्शन.

३० सप्टेंबर, दुपार
रिपोर्ट! काही नाही! आतून नुसतं सुजलंय, गोळ्या घ्या, खर्रा सोडा, शंभर वर्षं जगाल, डॉक्टर म्हणाले. मी खुर्चीत बसून ढसाढसा रडलो. खरं लिहितो, फार भ्यालो होतो. जगायचं होतं मला.
पेढे घेऊन घरी आलो. हिनं रिपोर्ट हातात घेतला. इंग्रजी येत नाही, तरी दोनदा पाहिला. प्रफुलला विचारलं, नक्की ना रे, काईच नाई? तो म्हणाला, काईच नाई. मग तिनं देवापुढे साखर ठेवली. नवसाचं विचारलं तर म्हणाली, उद्या सांगतो, दसऱ्याले, सगळ्यायसमोर.
उद्यापासून नवा हिरालाल. पहाटे नदी, नक्की.

१ ऑक्टोबर, दसरा
उशिरा उठलो. अंगणात सगळे जमलेले. हिचं लुगडं नवं, पायाशी ट्रंक. म्हटलं, पायी माहूरच.
हिनं सांगितलं ते असं. देवीले म्हटलं, आजार निघाला तं मरेपर्यंत यायची (म्हणजे माझी) सेवा करीन, जागची हलणार नाई. नाई निघाला, तं मले मोकळी कर, मी माह्या दादाकडे जाईन ते वापस येणार नाई.
मी म्हटलं, असा कुठं नवस असतो का? कोणी हसलं नाही. डोमाजी म्हणाला, नारळावर तुमीच हात ठेवलता. श्रावण म्हणाला, भाऊ, नवस मोडू नये, तळपट होते, तुमीच सांगतलं. माझीच उदाहरणं मला ऐकवली, तीही क्रमानं. प्रफुलकडे पाहिलं. त्यानं ट्रंक उचलली.
निघताना तिनं मला सोनं दिलं, म्हणजे आपट्याची पानं. पाया पडली. म्हणाली, गोळ्या टायमावर घेजा. तळेगावसाठी आर्वीची एसटी साडेदहाची होती, ही पंधरा मिनिटं आधीच स्टँडवर जाऊन बसली.

३ ऑक्टोबर
चहापत्ती सापडत नाही. प्रफुल बाहेर जेवतो.
चार दिवसांत येईल. राग नाकावर आहे, इतकंच.

७ ऑक्टोबर
सकाळी पोटात दुखलं. बरं वाटलं. तसाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दाबून पाहिलं. या वेळी गप्प झाले नाहीत, म्हणाले, हिरालालजी, काई नाई झालं, घरी जा. म्हटलं, निदान एका कागदावर काहीतरी लिहून द्या, तळेगावला दाखवायला. त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.
घरी येऊन पोस्टकार्ड टाकलं. रिपोर्ट चुकला होता, दुसऱ्याच कोणाचा तुकडा होता, माझा आजार निघाला आहे, ताबडतोब ये.

१४ ऑक्टोबर
उत्तर आलं. तिचं मला आलेलं आयुष्यातलं पहिलं पत्र. अक्षर चांगलं आहे, माहीत नव्हतं. लिहिलंय, दादांनी शिलाई मशीन घेऊन दिली, कामं येऊन राह्यली. रिपोर्टाची झेरॉक्स प्रफुलनं मले देल्ली आहे, ते देवीच्या फोटोमागं ठेवली. रोज दिवा लावून देवीले एकच मागणं करतो, यायले काईच होऊ देऊ नको.
वाचून डोळे भरले. इतकी काळजी! कार्ड डोमाजीला दाखवलं, श्रावणला दाखवलं. दोघांनीही खाली पाहिलं.
दुपारी एकटा जेवायला बसलो, कच्चा भात, वरून तिखट, आणि घास तोंडात असतानाच समजलं, ती रोज दिवा कशासाठी लावते. मी आजारी पडलो तर तिला परत यावं लागेल, देवीला तसं कबूल केलंय तिनं.
भात तसाच ठेवला आणि खर्रा घोटून आणला.