पोलीस येईपर्यंतची अकरा मिनिटं

प्रिय अनिका,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी दचकशील, मग हसशील. हसच. रविवारच्या मराठी शाळेत तू रडतरडत शिकलेलं वाचन आज तरी उपयोगी पडू दे. इथे नेपरव्हिलला गुडघाभर बर्फ साचलाय आणि आई मला फावड्याला हात लावू देत नाही, म्हणून लिहायला बसलोय. दिवाळीला तुझा एक मेसेज येतो, तो मी वर्षभर पुन्हापुन्हा वाचतो. चार वर्षांत तू घरी आली नाहीस, याची तक्रार करत नाहीये.

कंपनीतली नोकरी गेल्यावर मी एका अल्टरनेटिव्ह शाळेच्या ऑफिसात लागलो, हे आईने कळवलंच असेल. नेहमीच्या शाळांनी हात टेकलेली मुलं इथे येतात. पहिल्या वर्षी माझी नुसती तारांबळ उडायची. कुणी ओरडलं, दार आपटलं, की पोलिसांना फोन, आणि फोन करणारा मी. मग उन्हाळ्यात गावच्या नगरपालिकेने कळवलं, की पोलिसांना वर्षाला वीस कॉल झाले की पुढच्या प्रत्येक कॉलचे पैसे पडतील. आमचे झाले होते चौऱ्याऐंशी. असंच चाललं तर चित्रकलेच्या बाईंना काढावं लागेल, असं सांगून प्रिन्सिपॉलबाईंनी मार्ग शोधायचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

तुझा बाप काय करणार? एक्सेल उघडलं. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी रिपोर्ट वाचले. हत्यार किंवा दुखापत फक्त नऊ वेळा. बाकी फोन पहिल्या दोन मिनिटांतच गेलेले. गाडी यायला साधारण अकरा मिनिटं लागायची, आणि पोलीस आत येईपर्यंत ते मूल बहुतेक वेळा खुर्चीत बसून रडत असायचं. तरी त्याच्या नावावर नोंद व्हायचीच. म्हणून नियम केला, की कुणाच्या जिवाला धोका नसेल तर अकरा मिनिटं थांबायचं.

थांबणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला मी सांगायला नको. ऑक्टोबरात केल्सी नावाच्या मुलीने माझ्या टेबलावरचा प्रिंटर खाली ढकलून दिला. माझा हात सवयीने फोनकडे गेला.

"यू कॉलिंग द कॉप्स?" तिने विचारलं.

"नो. सिट," एवढंच मला सुचलं.

ती बसली. मी डबा उघडून अर्धं थालीपीठ तिच्यापुढे ठेवलं. सातव्या मिनिटाला ती म्हणाली, की तिची आई कुणाला न सांगता घर सोडून गेलीय. यंदा आतापर्यंत आमचे चौदा कॉल झालेत. चित्रकलेच्या बाईंची नोकरी टिकलीय.

परवा मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. घरी आल्यावर मी गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिलो, कारण माझ्या तक्त्यात नसलेला एक कॉल आहे. तू सोळा वर्षांची होतीस. भांडणात माझा लॅपटॉप आपटलास, आणि मी पोलिसांना बोलावलं. एक मिनिटही थांबलो नाही. ते आले तेव्हा तू जिन्यात बसून लॅपटॉपचे तुकडे पिशवीत गोळा करत होतीस. मी ते पाहिलं होतं, अनिका. पाहूनही त्यांना परत जा म्हणालो नाही. माझं चुकलं, बाळा. येत्या शनिवारी मी तुझ्याकडे ॲन आर्बरला येतोय. नको असेल तर तसं कळव. आणि आलो तर दार उघडायची घाई करू नकोस. मी खाली गाडीत थांबेन. आता मला थांबता येतं.

तुझाच,
बाबा