पाचवी प्रदक्षिणा

गुदैबिया, बहारीन
८ सप्टेंबर, सोमवार

शेवंते, माझे बाये,

तुला नि तुझ्या गुडघ्याला आशीर्वाद. आम्ही सगळी खुशाल. इथे अजून ऊन असं की नळाला थंड पाणी म्हणून येत नाही, भांडी चहाच्या पाण्यात धुवावी तशी धुते. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग तुझी सून स्पीकर लावते नि आख्ख्या आळीला कळतं. हे पत्र तू एकटीने वाच. दत्ताच्या ऑफिसातला लान्सी गुरुवारी सुट्टीवर वसईला जातोय, तो तिकडे टपालात टाकील. अक्षर वाकडं आहे. चौथीपर्यंतच शाळा माझी.

आधी गंमत. आम्ही जपानला जाऊन आलो गो! लग्नाआधी मी सावंतवाडीसुद्धा बघितली नव्हती, नि आता जपान! माणसं काय गुणाची. वाकून नमस्कार करतात. आपण वाकलो की परत वाकतात, मग मी परत वाकायची. शेवटी सुनंदा म्हणाली, "आई, आता पुरे, गाडी सुटेल." संडासात बटणं असतात. एक दाबलं नि... जाऊ दे, तू एकटी वाचणार असलीस तरी ते मी लिहिणार नाही.

एक दिवस मियाजिमा नावाच्या बेटावर गेलो. बोटीतून उतरलो तर हरणं मोकळी फिरतायत, आपल्याकडे गाई फिरतात तशी. मी हिरवी साडी नेसलेली. एकाने पदर तोंडात घेतला नि लागलं चघळायला. आमची कस्तुरी हसून हसून खालीच बसली. "आजी, ही थिंक्स यू आर सॅलड!" सहा वर्षांची आहे, पण जीभ माझी घेतलीन.

तिथलं देऊळ खांबांवर उभं आहे, समुद्रातच. त्याच्या पुढे समुद्रात लाल कमान, आपल्या देवळाच्या महाद्वारासारखी, पण माडाहून उंच. भरतीला ती पाण्यात उभी असते. सुकतीला वाळू उघडी पडते नि माणसं चालत तिच्याखाली जातात. आम्ही पोचलो तेव्हा सुकती होती. दत्ता नि सुनंदा खायला आणायला गेली. रांग मोठी. दत्ता बजावून गेला, "आई, पायऱ्यांवर बसून राहा. इथलं पाणी भरभर परत येतं."

मी म्हटलं, "मला समुद्र शिकवतोस होय रे?"

मग काय, पाणी एकदम आलं. कस्तुरी धावत आत गेली, मी मागोमाग गेले, नि एका भल्या माणसाने दोघींना बाहेर आणलं. नातीसाठी आजीने समुद्रात उडी घेतली, असं दत्ता इथे सगळ्यांना सांगतो. लान्सीच्या बायकोने, मॅगीने, माझ्यासाठी केक करून आणला. तुला तिथली लाकडी भातवाढणी घेतली आहे, ती लान्सीबरोबर देते. सुनेला देऊ नको, ती तेलाची करील.

कस्तुरी बरी आहे. फक्त बूट काढत नाही.

घरात बूट, सोफ्यावर बूट, झोपताना बूट. झोपली की मी हळूच काढते, तर जागी होऊन रडते. शनिवारी मनामातल्या देवळात गेलो. दारात सगळ्यांनी चपला काढल्या, ही खांबाला मिठी मारून उभी. सुनंदा खेकसली, "देवळात बूट घालून जातात का गं?" पोर माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे होऊन घंटा वाजवली, शेवंते. घंटा वाजवली मी.

इथपर्यंत लिहून उठले होते. चहा केला, तो तसाच राहिला. आता खरं लिहिते.

पाणी एकदम नाही आलं. नि पोर धावत नाही गेली. मी नेली तिला. दत्ताची पाठ वळली तशी म्हटलं, चल, महाद्वाराला हात लावून येऊ. कमानीशी पोचल्यावर मी चपला काढल्या. देवाच्या दारात चपला घालून कसं जायचं? बाकीची माणसं बुटांनिशी फिरत होती, ते त्यांचं. कस्तुरीचे गुलाबी बूट, टाचेत दिवा लागणारे, तेही मीच काढायला लावले. "आजी, इट्स वेट." मी म्हटलं, देवाच्या पाण्याने काही होत नाही. खांबाशी जोडीने ठेवले.

मग प्रदक्षिणा धरली, दर खांबाशी थांबून, हात जोडून, सावकाश. पाच म्हटल्या मनात. पहिली ह्यांच्या आत्म्याची, दुसरी दत्ताची, तिसरी सुनंदाची, चौथी तुझ्या गुडघ्याची, पाचवी कस्तुरीची.

तिसरीला पायाखालची वाळू सरकली. तुला ठाऊक आहे ती कशी सरकते. आपण वेंगुर्ल्याच्या पोरी, बापाची होडी ज्या वाळूत, त्या वाळूत वाढलो. भरती लागली हे मला त्याच क्षणी कळलं. मला कळलं होतं, शेवंते. माणसं पाठ फिरवून काठाकडे निघाली होती. चौथीला घोट्याच्या वर पाणी. पोर म्हणाली, "आजी, लेट्स गो." मी म्हटलं, अजून एकच. अर्ध्यावर प्रदक्षिणा मोडत नाहीत. नि उरलेली नेमकी पोरीची. ती कशी सोडू?

पाचवी पुरी झाली तेव्हा माझ्या मांडीपर्यंत नि तिच्या छातीपर्यंत होतं. काठाकडे बघितलं तर आमच्या नि काठाच्या मध्ये वाळूच नाही. सगळीकडे सारखं करडं पाणी. साडी पायांत गुंडाळली. बूट निघाले तरंगत. एका बुटाच्या टाचेतला दिवा लुकलुकला नि गेला. पोर "माय शूज!" म्हणून त्यांच्यामागे झेपावली नि तिचा हात माझ्या हातातून सुटला.

सुटला गो. डोकं पाण्याखाली गेलं. मला तिचे केस दिसत होते आणि माझा पाय वाळूतून उचलत नव्हता.

एक जपानी माणूस आला, चष्मा लावलेला, कपड्यांनिशी. त्याने तिला खांद्यावर टाकलं, मला दंडाला धरलं. काठावर तोच वाकून माझी माफी मागत होता. दत्ता धावत आला, ओठ पांढरे. "आई, काय झालं?" माझं तोंड आपसूक बोललं, "पोरगी धावत गेली रे आत, मी मागे गेले." त्या माणसाला आपली भाषा येत नव्हती. सुनंदाने भिजलेल्या पोरीला एक ठेवून दिली.

कस्तुरी म्हणाली, "आजी सेड वन मोअर."

दत्ता ओरडला, "आजीवर ढकलतेस? तिने जीव धोक्यात घातला तुझ्यासाठी. सॉरी म्हण आजीला."

पोर थरथरत होती. म्हणाली, "सॉरी, आजी."

नि मी म्हटलं, असू दे बाळा.

ह्याला आता महिना होत आला. मोरीत बादली भरताना आवाज आला तरी माझ्या पायाखालची वाळू सरकते. तिला शाळेच्या बसवरून मीच आणते. रस्ता ओलांडताना ती माझा हात धरत नाही, पिशवी धरते. मला भीती समुद्राची नाही, शेवंते. सांगितलं की दत्ता पोरीला माझ्याजवळ पुन्हा कधी सोडणार नाही. सुनंदा मुहर्रकला कामाला जाते, तिथल्या पाळणाघराची गोष्ट तिने मागे एकदा काढलीच होती. मग मला इथे ठेवून करायचं काय? माझा व्हिसा दत्ताच्या हातात. तिकडे बंद घर, नि खिडकीतून दिवसभर तोच समुद्र. नाही सांगितलं, तर पोर जन्मभर खोटारडी ठरते, नि बूट काढत नाही.

आत्ता ती माझ्या बाजूला पलंगावर चित्र काढत बसली आहे. पायांत बूट. मघाशी मी तिला म्हटलं, आज बाबा आले की मी सांगणार.

तिने मान वर केली नाही. "एव्हरीथिंग?"

म्हटलं, आख्खं. चपला काढल्यापासून.

तिने एका बुटाचा पट्टा सोडला. मग थांबली, परत लावला. "फर्स्ट यू टेल."

लिफ्टचं दार वाजलं. दत्ताची किल्ली. पाकीट उघडंच ठेवते. पुढे मला कुठल्या पत्त्यावर लिहायचं, ते त्यावर मागाहून घालीन.

उठते.

भ्यालेली तुझी थोरली बहीण,
बाय