धाविकासाठी सरकवलेलं पीच

१२ एप्रिल, रविवार
उजाडताना सावेडीतून निघालो. स्कूटर मंदाकडे (नणंद असून नवऱ्याआधी हिचाच आधार), मी मागे कॅमेरा पोटाशी धरून. पारनेरच्या बाजूला, वाडीचा माळ. चंडोल भरपूर, एकही धड फोटो नाही. मग मंदाच म्हणाली, "वहिनी, तो दगड चालला बघ."
धाविक पक्षी! विटकरी छाती, डोळ्यामागून पांढरी-काळी पट्टी. पळतो, थबकतो, ताठ उभा राहतो. आम्ही खाली बसलो. तो एका जागी जाऊन बसला तो उठेचना. उठला तेव्हा दुर्बिणीतून दिसलं, दोन अंडी. उघड्या जमिनीवर, शेळ्यांच्या लेंड्यांत. घरटं म्हणून काही नाहीच.
फोटो लांबूनच. धूसर.
परतताना मात्र दुसरंच दिसलं. अंड्यांच्या अगदी शेजारून फक्कीची ताजी रेघ गेलेली. क्रिकेटचं मैदान आखलंय.

१३ एप्रिल
वाडीत विचारत विचारत बापूला गाठलं. तिशीचा असेल. मॅचा भरवणारा तोच, ट्रॅक्टरही त्याचाच. यात्रेच्या मॅचा, येत्या रविवारपासून. उद्या रोलर फिरणार होता.
"मावशी, एका पाखरापायी मॅचा थांबवू व्हय?"
"थांबवू नका. सरकवा."
"अंडी उचलून ठिवा की बाजूला."
"मग तो त्यांच्यावर बसणार नाही. उन्हात शिजतील."
मी पलीकडची जागा दाखवली. म्हणाला, तिकडं लई गोटे हायेत, कोन वेचनार?
"आम्ही."
हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "बरं, वेचा. शनवारपर्यंत रोलर फिरवत न्हाई. शब्द दिला."
गाडीवर मंदा म्हणाली, "'आम्ही' म्हणजे कोण कोण?"

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक, म्हणून गाडी बाहेरच्या रस्त्याने घातली. दोन घमेली, टोप्या, माठातलं पाणी.
गोटे म्हणजे किती! वरचा उचलला की खाली आणखी एक. सरावाला आलेली पोरं कडेला बसून मोबाईलवर आमचं शूटिंग करत होती. करोत. बापू आला, बघून गेला.
कॅमेरा पिशवीतच. आम्ही जवळपास असलो की धाविक अस्वस्थ होतो. म्हणून त्याच्याकडे पाठ करून काम.

१६ एप्रिल
गुडघा सुजला. हे म्हणाले, "डॉक्टरांनी काय सांगितलंय, आठवतंय ना?" आठवतंय. पट्टा बांधून मी गेलेच.
मंदा, घमेलं आपटून: "मी अंडी घातली असती तरी माझ्यासाठी एवढं केलं नसतंस."
इतकं हसलो की खाली बसावं लागलं.
निम्मंही झालेलं नाही. मोठे धोंडे तर आमच्याने हलतच नाहीत. उद्याचा एकच दिवस. जायचंच.

१७ एप्रिल
संध्याकाळी ट्रॅक्टरचा आवाज. बापू, ट्रॉली, मागे सगळी टीम. त्या दिवशी शूटिंग करणारीही.
"बायामान्सं वेचत्यात अन् आमी बघत बसायचं, बरं दिसत न्हाई."
धोंडे त्यांनी उचलले, बारीक आम्ही. अंधार पडेपर्यंत जागा मोकळी. मी माठातलं पाणी सगळ्यांना दिलं. आभार मंदानेच मानले.

१८ एप्रिल
नव्या जागी रोलर फिरला. एका बाजूची बाउंड्री जवळ आली म्हणून दुसऱ्या टीमचा कप्तान भांडला. बापू त्याला म्हणाला, "आमालाबी तीच बाउंड्री हाय ना?"
अंड्यांभोवती काटे लावू म्हणत होता. नको म्हटलं, त्यावर कावळे बसतील. शेवटी नियम ठरला: त्या बाजूला दोरीपलीकडे कुणी जायचं नाही. बॉल गेला तर गेला.

१९ एप्रिल, रविवार
मॅच सुरू, आणि भोंगा! तोंड नेमकं अंड्यांकडे. धाविक उठून लांब गेला. ऊन चढत चाललं. तो यायचं नाव घेईना. पळत (म्हणजे लंगडत) बापूकडे. त्याने मॅच थांबवून भोंगा गावाकडे वळवला.
दुर्बीण डोळ्याला लावून वाट बघत बसले.
मग आला. थबकत, वळत, परत थबकत. अंड्यांवर बसला नाही, उभा राहिला, पंख जरा सोडून, चोच उघडी, स्वतःची सावली बरोबर अंड्यांवर. फोटो आला. स्वच्छ आला.
दुपारी बॉलमागे पळणारा एक फील्डर नादात दोरी ओलांडणार, तर सगळं मैदान ओरडलं, "ए थांब!" माईकवाला: "आणि हा धाविकाचा चौकार!"

२३ एप्रिल
अंडी दोन्ही आहेत. जोडी आळीपाळीने. मॅचा चालू. बापू आता स्वतःच मला लांब बसवतो. "मावशी, मागं. उठंल त्यो."

२६ एप्रिल, रविवार
काल फायनल झाली. बापूची टीम हरली.
आज गेलो तर जागा रिकामी. अंडी नाहीत, टरफल नाही, पक्षी नाहीत.
मंदा म्हणाली, मुंगूस. बापू म्हणाला, "न्हाई, पिल्लं चालत गेली असत्याल." दोन्ही होऊ शकतं. पिल्लं बाहेर आली की लगेच चालायला लागतात, आणि मातीच्याच रंगाची.
दुर्बिणीतून माळ विंचरत बसले. डोळ्यांना धार. मंदा दोनदा "चल" म्हणाली.
शेवटी उतारावर एक धाविक. एकटाच. चोचीत टोळ, पण गिळेना. आमच्याकडे बघत नुसता उभा. आम्ही हललो नाही, तोही नाही.
बापू हळूच म्हणाला, "मावशी, फोटू?"
टोळ कुणासाठी, ते आम्ही तिथे बसलो असेपर्यंत कळणार नव्हतं.
कॅमेऱ्याला झाकण लावलं. म्हटलं, उठा दोघं. त्याला जाऊ दे.