बाबांनी केलेली खुर्ची

मी, दप्तरे शिवण्याच्या कारखान्याची चालक, सुताराची मुलगी आणि घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात, पण नजरेला नजर देत नाहीत. देवावर माझा भरवसा आहे. भीतीही वाटते.

एक. शिलाई यंत्रे, कात्र्या आणि कापडाचे तागे माझ्यामागे कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या तिघींच्या सामाईक मालकीचे होतील. दादाने ते विकायला काढू नयेत. "प्रार्थनेवर धंदा चालत असता तर चर्चच्या पाळकांनीच दुकान टाकलं असतं," असे तो म्हणतो. दादा, रविवारी काम नाकारल्यामुळे मोठे गिऱ्हाईक हातचे गेले, हे मान्य. तरी रविवारी कारखाना बंदच राहावा, अशी माझी इच्छा आहे. पण ते आता तिघींनी ठरवावे. एवढे एक वाक्य लिहायला मला फार जड गेले.

दोन. ख्रिस्ती विश्वासातून उद्योजकता आणि नेतृत्व शिकताना जमवलेली पुस्तके, तिघींतल्या जिला आम्ही 'घाई' म्हणतो, तिला. सावकाश वाच, बाई. ते शिकवणाऱ्या सरांनी एकदा विचारले होते, "तू नसशील तेव्हा काय?" मी पानभर सुरेख उत्तर लिहिले. आज त्यातली एकही ओळ कामी येत नाही.

तीन. पदवी मिळाली तेव्हा बाबांनी माझ्यासाठी उंच पाठीची खुर्ची केली. ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याचे नाव घेऊन मी असल्या खुर्चीत कशी बसू? मी स्टूलच बरे म्हटले. बाबा म्हणाले, "प्रभूसुद्धा सुताराच्याच घरचा ना? त्यानं बापाच्या हातचं काम असं कोपऱ्यात टाकलं असतं?" त्यानंतर त्यांनी कारखान्यात पाऊल टाकले नाही.

म्हणून खुर्ची त्यांना देणार होते. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. आज इथे कारखान्यात पाळकांबरोबर शेजारी सहीला येणार होते. आले बाबाच.

"सही मी करतो."

"मग खुर्ची तुम्हाला देता येणार नाही, बाबा."

"खुर्ची कोणाला हवीय? पोरीच्या असल्या कागदावर परक्याची सही नको. आणि उभ्यानं काय लिहितेस? बस तिच्यात."

बसले. माझे माप कधीच घेतले नव्हते, तरी पाठ अगदी बरोबर टेकली. मला पुढचे अक्षर दिसेना.

खुर्ची तिघींतल्या गुडघे दुखणाऱ्या मावशीला. मी परत आले तर मात्र, मावशी, तुम्हाला उठावे लागेल.

स्थळ: कारखाना. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, रविवारी.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार:
१. पाळक (सही)
२. सुतार, लिहून ठेवणारीचे वडील (सही). या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही.