बाईंना ताप आला तेव्हा

४ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू अभ्यासक्रम सोडतेस असं आईकडून कळलं. पाळणाघर सांभाळत घरबसल्या बालसंगोपनाची पदविका करायची, ही हौस तुझीच ना? त्यात शिकवायला सख्खी भाची! तुम्हा कुणाला एकटं वाटू नये म्हणून मी ऑनलाइन चर्चेचं पान उघडलं. कुणी काही विचारलं की लगेच सविस्तर उत्तर देते. पण पुढे कुणी चकार शब्द काढत नाही. तूही नाहीस.

सध्या मला तापानं धरलंय. बरं वाटेपर्यंत त्या पानाकडे फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तोवर तरी सोडू नकोस. माझं एवढं ऐकशील, या भरवशावर,

तुझी चिमणी

१७ जुलै

चि. चिमणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

ताप उतरल्याचं ताईनं कळवलं, जीव भांड्यात पडला.

हे पानावर लिहिण्याजोगं नाही, म्हणून पत्र. खरं सांगू? सोडणारच होते. सगळे माझ्याहून हुशार, मधेच मी काय बोलणार, असं वाटायचं. तू आजारी पडलीस आणि एकीनं विचारलं, चावणाऱ्या मुलाचं काय करावं. कुणीच उत्तर देईना. बिचारी ताटकळत बसली असेल, मला राहवेना. आमचा एक पठ्ठ्या दात येताना चावायचा, त्याला थंड ओलं फडकं चघळायला दिलं, असं लिहिलं. त्यावर आपल्या वर्गातल्या, शाळेची बस चालवणाऱ्या गृहस्थानं विचारलं, माझी बायकोच माझ्या अंगावर धावून येते, तिला कोणतं फडकं द्यावं? हसून हसून पुरेवाट! मग एकेकाचं तोंड उघडलं. तिघी तर माझ्यासारख्याच सोडायच्या बेतात होत्या. परवा मी दिसले नाही तर सगळ्यांनी चौकशी केली गं.

आता मी सोडत नाही. फक्त, राग मानू नकोस, तू इतकं पटकन आणि इतकं बरोबर सांगतेस की आम्हाला बोलायला जागाच उरत नाही. ये, वाच, पण जरा गप्प बस. प्रकृतीला जप, आणि मावशीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी

२३ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं वाचून काढलं. आधी थोडं लागलं, मग फार आनंद झाला.

आज सकाळी एकीनं विचारलंय, आईला सोडताना तासभर रडणाऱ्या मुलीला कसं समजवावं. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. संध्याकाळ झाली तरी तिथे सामसूम आहे. मावशी, हे पत्र पोचायच्या आत कुणीतरी बोला गं, माझी बोटं शिवशिवताहेत.

तुझ्याच धाकात असलेली,
चिमणी