डिकीतली वाळू

दादा,

तू गेल्यापासून तुझी चेव्हेल गाडी मीच चालवते. "तुझ्या हातात हिची गाय होते," असं चिडवायचास ना? काल डिकी उघडली, तर बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून ठेवतात तशी वाळूची चार पोती. भर ऑगस्टात!

पोती काढली, वुडवर्ड रस्त्यावर सिग्नल सुटताच अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काय इंजिन आहे रे! छातीत ढोल वाजले. हलकी झालेली मागची बाजू गर्रकन फिरली, खांब वीतभरच लांब राहिला. मी हसत होते. लबाडा, माझ्यासाठी वाळू भरायचास आणि वर चिडवायचास!

आज माझ्या लेकीने, लोरेटाने, चावी मागितली. आधी पोती परत ठेवली. ती फिरून आल्यावर म्हटलं, "तुझ्या हातात हिची गाय होते गं!"

तुझी,
डार्ला