मुलाण्याचं पाल

बुधवार, १४ फेब्रुवारी ७३
चार दिवस वही उघडली नाही. पेन्सिल होती, वेळ बी होता. लिहायची लाज वाटत होती, खरं ते हे. शनिवारी बाबुलाल मुलाण्याचं पाल मी उपटलं. मुकादम म्हणाला, "तू मेखा उपट, उद्यापासून तुझं नाव हजेरीवर." मी हिंडफिऱ्या माणूस, सातवी नापास, या दुष्काळी कामावर मला कोण घेतंय? उपटल्या. त्याची बायको हमीदाभाबी तवा छातीशी धरून उभी होती. माझ्याकडं बघितलंच नाही. आता ते दोघं खाली, तलावाच्या खोदलेल्या पोटात. वर आमची पन्नास पालं, खाली ते एकच.

गुरुवार, १५
भांडण कशाचं, तर पिंपाचं. टँकरचं पाणी सोसायटीच्या पिंपात पडतं. भाबीनं आपल्या तांब्यानं काढलं. मुकादम गरजला, "बाटवलं पाणी!" सोसायटीचा सेक्रेटरी आल्यावर मात्र बोली बदलली. "पिंप सोसायटीचं हाय. पाणी भागीदारालाच." बाबुलालला जमीन नाही, तो कुठला भागीदार? मी तरी कुठं हाय! मला कुणी विचारत नाही. भाबी आता दोन कोसांवरनं, नदीत झिरा उकरून पाणी आणते.
दुपारी नारायणगडाकडं निघालो. दर्शनाला नाही, असंच. वाटेत एकजण सायकलची चेन बसवत होता, तिथंच दिवस गेला. गड राहिला.

शनिवार, १७
मुकादमाला पोरगा झालाय. मंगळवारी नवस फेडायचा, लक्ष्मीआईला बोकड. सगळं ठरलं, मग म्हातारे म्हणाले, "सुरी कोण फिरवणार? मुलाण्यानं कापल्याबिगर आमी तोंडात घालत न्हाई. बापजाद्यांनी घातलं न्हाई."
"मग बोलवा त्याला," मुकादम. जसं काही झालंच नाही! धाडलं कुणाला, तर मला.
बाबुलाल दोर वळत होता. "मेखा उपटायला बी तूच, बोलवायला बी तूच. लई कामाचा गडी हायेस बे."
मी दोराचं दुसरं टोक धरायला गेलो, त्यानं ओढून घेतलं.
"सांग त्याला. पाल व्हतं तिथं ठोकून द्या, पिंपाला हात लावू द्या. मग सुरी. न्हाईतर बुधवारी आमी चाललो."
"हजेरी बुडंल, चाचा. खाताल काय?"
"ते तू कावून इचारतोस?"

सोमवार, १९
मुकादमाला निरोप सांगितला. शिव्या मलाच. "माझ्या कामावर ऱ्हाऊन मलाच अटी घालतो? मीच कापतो बोकड!" एक म्हातारा म्हणाला, "काप की. खा बी तूच." सगळे हसले. तिथंच बिनसलं. सांजच्याला मुकादमाची दोन माणसं खाली जाऊन बाबुलालची चूल लाथाडून आली. मला चल म्हणत होती. गेलो नाही. अडवलं पण नाही. भाबीचं ओरडणं वरपर्यंत आलं, एक माणूस उठला नाही. मी बी.
बोकड मुकादमाच्या पालाला बांधलाय. भागीदारांच्या पिंपातलं पाणी पितो.

मंगळवार, २०
घाईत लिहितोय. मुकादमानं कोयता पाजळलाय. म्हातारे त्याच्याकडं पाठ करून बसलेत. खाली बाबुलाल पाल सोडायला लागला, बुधवारची वाट बी बघणार नाही. मी मधेच, उतारावर. मदतीला जावं तर तो दगड घालंल डोक्यात. घातला तर चूक काय त्याची.

सरकारी मिलोचा, त्या लाल ज्वारीचा, ट्रक आला. पोत्यांवरनं मुकादमाची आई उतरतीय! ती तर उमापुरात, बाळंतिणीपाशी. नवस बोललेली तीच, पण तिला इथं कुणी बोलावलं नव्हतं. मुकादम पळत गेला, "आये, हिकडं, सावलीत बस." तिनं बोकड बघितला, कोयता बघितला.
"मुलाणी कुठाय रं?"
मुकादम पोत्यांकडं वळला. 
मी बोट दाखवलं, खाली. आता मुकादम माझ्याकडं बघतोय. म्हातारी उतारावरनं एकटीच निघालीय.